हैदराबादेहून निघणाऱ्या पेट्या

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायऱ्या उतरत असता आमच्या धर्मग्रामातील एका माउलीने आम्हांस गाठले. "फादर, माझ्या पोराला काही होणार तर नाही ना?" एवढेच ती प्रथम बोलली आणि पदर डोळ्यांस लावून उभी राहिली. तिचा मुलगा मालट्रक चालवितो. मुंबई ते हैदराबाद ही त्याची नेहमीची खेप. सोलापूरच्या पलीकडे एका धाब्यावर तो जेवावयास बसला असता शेजारच्या मोकळ्या जागेत चारपाच बंद गाड्या येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागेपुढे बंदूकधारी पहारा होता. एका गाडीच्या पाठीवर पिवळा-पांढरा चौकोन लावलेला असून त्यात तीन पात्यांच्या पंख्यासारखी काळी खूण होती. वाढणारा पोऱ्या कुजबुजला, "अणुबॉम्बचा माल आहे, उठा इथून!" मुलगा भरले ताट टाकून उठला तो थेट गाडी हाकीत घरी आला, आणि आल्यावर त्यास दोन दिवस ताप भरला.

आमच्याजवळ उत्तर नव्हते. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईश्वरज्ञान शिकलो, लॅटिनचीही थोडीबहुत ओळख झाली. युरेनियमचा धडा काही तेथे नव्हता. "पावसात भिजला असेल," असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. परंतु ती माउली समाधान न पावताच परतली हे आमच्या ध्यानात आले आणि ते मनास लागून राहिले. पुढे नोव्हेंबरात धर्मगुरूंच्या एका अभ्यासवर्गानिमित्त सिकंदराबादेस जाण्याचा योग आला, तेव्हा हा प्रश्न आम्ही आपल्या पिशवीत घालूनच निघालो.

हुसेनसागर एक्सप्रेसने रात्री मुंबई सोडली म्हणजे उजाडता उजाडता सोलापूरचा मुलूख लागतो. तेथवर आपल्या ओळखीची काळी जमीन व काळा कातळ. वाडी जवळ आली की शहाबादी फरशीच्या खाणी दिसू लागतात, पुढे तांडूर, विकाराबाद, आणि मग एकाएकी जमिनीतून प्रचंड गोल धोंडे वर आलेले दिसतात. जणू एखाद्या राक्षसाने खेळून टाकलेल्या गोट्याच. हा हैदराबादचा ग्रॅनाइट. त्याच्याशी आमच्या विषयाचा संबंध आहे, तो पुढे येईल.

सिकंदराबादेस ज्या धर्मग्रामात आमचा मुक्काम होता तेथील फादरांनी आमची जिज्ञासा ऐकून एका गृहस्थांची गाठ घालून दिली. हे मूळचे उदगीरकडचे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे त्या भागातील कितीतरी कुटुंबे नोकरीधंद्यासाठी येथे आली व येथलीच झाली. त्यांच्या मराठीत उर्दूची गोड फोडणी असते. आमचे हे गृहस्थ अणुइंधनाच्या कारखान्यात कारागीर म्हणून आयुष्य घालवून निवृत्त झालेले. आम्ही प्रश्न विचारताच ते म्हणाले, "फादरसाहेब, बसून सांगण्यापेक्षा चला, मौला अलीच्या पहाडावर जाऊ. तिथून समदं दिसतं."

मौला अली ही शहराच्या ईशान्येकडील एक उघडीबोडकी टेकडी. माथ्यावर कुतुबशाहीच्या काळापासूनचा दर्गा आहे. पायथ्याशी माहलका बाई चंदा ह्या १८२४ साली निवर्तलेल्या उर्दू कवयित्रीची कबर आहे. चारशेहून अधिक पायऱ्या चढताना आम्हांस दोनदा बसावे लागले. आमचे वृद्ध वाटाडे मात्र सरळ चढून गेले. वर गेल्यावर रेल्वेचे रूळ, चर्लापल्लीच्या कारखान्यांची छपरे, आणि त्यांच्या अलीकडे दाट झाडीचा एक पट्टा त्यांनी बोटाने दाखविला. "त्या झाडांत आमचं एनएफसी."

एनएफसी म्हणजे न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स. अणुशक्ती खात्याने १९७१ मध्ये ही संस्था येथे स्थापिली. शेजारी १९६७ साली निघालेला ईसीआयएल हा इलेक्ट्रॉनिक यंत्रांचा कारखाना होताच. त्याचे संस्थापक ए. एस. राव ह्यांच्या नावाची मोठी वसाहतच आज तेथे आहे. भारतातील विजेच्या अणुभट्ट्यांत जे इंधन जळते त्याचा फार मोठा भाग ह्या झाडांच्या आडून बाहेर पडतो. तो तारापूरला जातो, कैग्याला जातो, गुजरातेत काक्रापारला, राजस्थानात रावतभाट्याला, उत्तरेत नरोऱ्याला आणि मद्रासेकडे कल्पाक्कमला जातो. वसईपासून डहाणूपर्यंत राहणाऱ्या आमच्या वाचकांस तारापूर काही परके नाही. तेथील पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या, तेव्हा त्यांचे इंधन अमेरिकेहून आले होते. पुढे इंधनाचे गज हैदराबादेत बनू लागले. तिसऱ्या व चौथ्या भट्टीपायी अक्करपट्टी व पोफरण ही दोन गावे उठली, हेही आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्या भट्ट्यांच्या पोटात जाणारी वस्तू कोठून कशी येते, हे आम्ही तरी कधी कोणास विचारले नव्हते.

टेकडीवरील वाऱ्यात बसून त्या गृहस्थांनी सांगितले ते असे. झारखंडातील जादूगुडा येथे खाणीतून दगड निघतो. एक टन दगडातून एक किलोदेखील युरेनियम मिळत नाही. तेथेच दगड दळून, धुऊन, रसायनांनी त्यातील सत्त्व काढतात. ही पिवळी भुकटी, तिला यलो केक म्हणतात, लोखंडी पिंपांतून हैदराबादेस येते. आंध्रातील तुम्मलपल्ली येथूनही येते, आणि २००८ सालानंतर परदेशी युरेनियमही येऊ लागले. कारखान्यात ती शुद्ध करून तिच्या लहान लहान गोळ्या दाबतात आणि सुमारे १७०० अंश उष्णतेवर भाजतात.

"खापरी असते हो, काळी खापरी," ते म्हणाले. "कुंभार भाजतो तसंच. खडूचा तुकडा असतो ना शाळेत, तेवढीशी. हातमोजे घालून आम्ही तपासायचो."

ह्या गोळ्या झिर्कोनियम धातूच्या नळ्यांत भरून नळ्यांची तोंडे बंद करतात, आणि अशा १९ नळ्यांची एक जुडी बांधतात. जुडी अर्धा मीटर लांब, वजन सुमारे १६ किलो. २२० मेगावॅटच्या एका भट्टीत अशा ३,६७२ जुड्या लागतात. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीची जुडी मोठी, ३७ नळ्यांची. पेट्यांत भरून हा माल सडकेने निघतो.

"आणि त्या पेटीजवळ बसून जेवलेल्या माणसाचे काय होते?" आम्ही विचारले.

ते हसले. "फादरसाहेब, चुलीत घालायच्या आधी लाकूड काखेत घेऊन कुठंबी हिंडा. चुलीतून काढलेलं कोलीत धरून दाखवा बरं!"

ह्या एका वाक्यात आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आले. भट्टीत जाण्यापूर्वीचे नैसर्गिक युरेनियम हे अत्यंत मंद पदार्थ आहे. त्याचे निम्मे अणू फुटावयास सुमारे ४५० कोटी वर्षे लागतात, म्हणजे किरण निघतात ते फार सावकाश. त्यांतले बहुतेक कागदाच्या कपट्याने वा नळीच्या भिंतीने अडतात. पिंप फुटून भुकटी सांडली तर ती हुंगू नये, हातास लावू नये, कारण शिशाप्रमाणे ती पोटात गेल्यास मूत्रपिंडास विषारी ठरते. वाऱ्याने उडण्यापूर्वी जाणत्या माणसांनी ती झाकून गोळा करावी लागते. परंतु बंद पेटीपासून वीस पावलांवर बसून भाकरी खाणाऱ्यास तिच्यापासून ताप येत नाही. उलट, ज्या ग्रॅनाइटवर आम्ही बसलो होतो त्यातच निसर्गतः थोडे युरेनियम असते. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळात ते फारच कमी. म्हणजे घरी वसईत बसण्यापेक्षा मौला अलीच्या धोंड्यावर बसून आम्ही त्या दुपारी किंचित अधिक किरण घेत होतो, आणि ट्रकवाल्याच्या मुलाविषयी चिंता करीत होतो!

कोलीत ते निराळे. भट्टीत जळून बाहेर आलेले इंधन उघडे असेल तर त्याच्याजवळ काही मिनिटे उभे राहणेही प्राणघातक होय. ते वर्षानुवर्षे पाण्याच्या खोल टाकीत निवत ठेवावे लागते, आणि न्यावयाचे झाल्यास शिसे-पोलादाच्या जाड भिंतींच्या, कित्येक टन वजनाच्या पात्रातून न्यावे लागते. असे वापरलेले इंधन पूर्वी रावतभाट्याहून तारापूरला प्रक्रियेसाठी आणीत असत. हैदराबादेहून मात्र कोलीत निघत नाही, कोरे लाकूड निघते. मुलाने पाहिलेल्या गाड्यांत नेमके काय होते हे आम्हांस कोणी सांगू शकले नाही. तो रस्ता व तो पहारा पाहता कोरे इंधन असण्याचा संभव अधिक, एवढेच म्हणता येईल.

वाहतुकीचे नियम आम्ही मुद्दाम मिळवून वाचले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ते प्रथम १९६१ साली केले. आपल्याकडे १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ त्याच धर्तीवर परवानगी देते. त्यांतील मुख्य विचार आम्हांस पसंत पडला. तो असा की, भरवसा चालकावर ठेवावयाचा नाही, पेटीवर ठेवावयाचा. गाडी उलटेल, चालकास डुलकी लागेल, पूल खचेल असे धरूनच पेटी बनवावयाची. अत्यंत धोक्याच्या मालाची पेटी नऊ मीटर उंचीवरून न लवणाऱ्या पृष्ठावर आपटतात, मग एक मीटरवरून पोलादी खुंटीवर टाकतात, मग ८०० अंशांच्या आगीत अर्धा तास ठेवतात, आणि पाण्यात बुडवूनही पाहतात. एवढे करून तिने आतले बाहेर सोडता कामा नये. गाडीच्या बाजूपासून दोन मीटरवर किरणांचे मान ताशी ०.१ मिलिसिव्हर्टहून अधिक असता कामा नये. सामान्य माणसास वर्षभरात अशा कृत्रिम कारणांनी एक मिलिसिव्हर्टहून अधिक मिळू नये असा दंडक आहे, म्हणजे त्या कमाल मर्यादेवरील गाडीस दोन मीटरवर चिकटून दहा तास बसावे तेव्हा कोठे वर्षाचा वाटा पुरा होईल. कोऱ्या इंधनाची गाडी ह्या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते.

इंग्लंडात १७ जुलै १९८४ रोजी ओल्ड डॅल्बी येथे एक पात्र रुळांवर आडवे ठेवून त्यावर ताशी १६० किलोमीटर वेगाने डबे जोडलेले इंजिन सोडून दिले. इंजिनाचा चुराडा झाला, पात्र शाबूत राहिले. प्रयोग ज्यांचा माल त्यांनीच केला आणि दूरचित्रवाणीवाल्यांना बोलावून केला, हे आम्ही विसरत नाही. तरी इंजिन चिरडले गेले तेही डोळ्यांदेखत.

मात्र त्याच वर्षी २५ ऑगस्टला बेल्जमच्या किनाऱ्याजवळ 'मों लुई' हे फ्रेंच मालवाहू जहाज दुसऱ्या नौकेशी टक्कर होऊन बुडाले. त्यात युरेनियम हेक्साफ्लोराइडची ३० मोठी नळकांडी होती. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांसाठी परदेशातून हैदराबादेस जे समृद्ध युरेनियम येत असे तेही ह्याच रूपात. पाण्याशी त्याची गाठ पडल्यास जळजळीत आम्ल तयार होते. सर्व नळकांडी पुढे वर काढण्यात आली. परंतु त्या बुडालेल्या जहाजात काय आहे हे जगास प्रथम सांगितले ते मालाच्या धन्यांनी नव्हे, ग्रीनपीस ह्या संस्थेने. पेटी टिकली, शब्द टिकला नाही; आणि आमच्या मते लोकांच्या भीतीचे मूळ येथे आहे.

आमचे वृद्ध स्नेहीही ह्याविषयी थोडे अडखळले. "आम्ही घरीसुद्धा बोलायचो नाही," ते म्हणाले. "बायकोला माहीत नव्हतं मी काय बनवतो. भांडी बनवतो म्हणायचो." आपल्या देशात १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने सरकारास ह्या क्षेत्रातील माहिती गुप्त राखण्याचा फार मोठा अधिकार दिला. गाडी कोणत्या दिवशी, कोणत्या वाटेने जाणार हे गुप्त असावे, ह्याविषयी आमचा वाद नाही. चोराला वेळापत्रक कोणी देत नाही. परंतु पेटीत सामान्यतः काय असते, ती फुटल्यास गावकऱ्यांनी काय करावे, कोणास कळवावे, हे सांगितल्याने कोणता शत्रू बळावतो? धाब्यावरच्या पोऱ्याच्या तोंडी 'अणुबॉम्ब' आला, कारण त्यास दुसरा शब्द कोणी दिलेलाच नाही.

जर्मनीत गोर्लेबेन नावाचे खेडे आहे. १९९५ पासून २०११ पर्यंत तेथे भट्टीतील जळक्या मालाची, शंभर टनांहून जड पात्रे आगगाडीने व शेवटी सडकेने येत. प्रत्येक खेपेस त्या भागातील शेतकरी आपले ट्रॅक्टर रस्त्यावर आडवे घालीत, म्हातारेकोतारे थंडीत रुळांवर बसत, हजारो पोलिसांस त्यांना उचलावे लागे. पात्र फुटेल एवढीच भीती त्यांस नव्हती. हा माल आमच्या गावात कायमचा राहावा हे कोणी ठरविले, आम्हांस कोणी विचारले, असा त्यांचा सवाल होता. तामिळनाडूतील इडिंतकरई येथे लूर्द मातेच्या देवळासमोर मंडप घालून बसलेले कोळी लोक २०११-१२ मध्ये कुडनकुलमच्या भट्टीविषयी हेच विचारीत होते. आपले जैतापूरकडील बांधवही ह्याहून फार वेगळे बोलले नाहीत. अशा सर्वांस अडाणी ठरविणे सोपे आहे. परंतु २००६ च्या नाताळच्या आदल्या दिवशी जादूगुड्याजवळ खाणीचा विषारी गाळ वाहून नेणारा नळ फुटून तो डुंगरीडीह गावाच्या ओढ्यात कित्येक तास वाहत राहिला, हे ज्यास ठाऊक आहे तो असे म्हणण्यापूर्वी थांबेल. तोही मालाच्या वाहतुकीचाच एक प्रकार, फक्त त्यास पेटी नव्हती व पहाराही नव्हता.

टेकडी उतरताना आमचे स्नेही एकाएकी थांबले आणि म्हणाले, "फादरसाहेब, आमच्या मालाला भिऊ नका. भंगाराला भ्या."

तेव्हा आम्हांस ते विक्षिप्त वाटले. परंतु मागाहून वाचले ते सारे त्यांच्या बाजूचे निघाले. जगात किरणोत्सारी मालाची जी पार्सले दरवर्षी हलतात त्यांतील बहुसंख्य इंधनाची नसतात. ती इस्पितळांची व कारखान्यांची असतात. थायरॉइडवर देतात त्या आयोडीनची शक्ती आठ दिवसांत निम्मी होते, तेव्हा त्याचे विशेष भय नाही. परंतु कर्करोगावरील कोबाल्ट निम्मा व्हावयास सव्वापाच वर्षे लागतात, सिझियमला तीस. हे लहानसे, चकचकीत, जड, आणि विकल्यास पैसे देणारे असते, आणि त्याचे मूळ धनी त्याला विसरतात.

२०१० साली दिल्लीच्या मायापुरी बाजारात असेच झाले. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९६८ पासून असलेले व कित्येक वर्षे बंद पडलेले यंत्र फेब्रुवारीत लिलावात भंगार म्हणून विकले गेले. कामगारांनी ते फोडले. आत कोबाल्ट होता. एप्रिलात एकामागून एक माणसे इस्पितळात आली, कोणाची कातडी काळी पडली, कोणाचे केस गेले, आणि त्यांतील एक दगावला. त्याआधी १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात, म्हणजे आपल्याच धर्माच्या माणसांच्या वस्तीत, सोडून दिलेल्या दवाखान्यातून दोघा गरिबांनी एक यंत्र हातगाडीवर घालून नेले. भंगारवाल्याच्या घरी ते उघडले तेव्हा आतील भुकटी अंधारात निळी चमकू लागली. शेजारीपाजारी चिमूट चिमूट घेऊन गेले. एका सहा वर्षांच्या मुलीने ती अंगास लावली आणि त्याच हातांनी ती जेवली. चौघे मेले, त्यांत ती मुलगी होती. एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी झाली, आणि २४९ जणांच्या अंगावर वा शरीरात सिझियम सापडले. तिच्या दफनाच्या वेळी लोकांनी शवपेटीवर दगड फेकले. शिशाची आस्तरे घातलेल्या त्या पेटीत आता कोणासही भय नव्हते, आणि हातगाडीवरून ते यंत्र गल्लीतून गेले तेव्हा कोणी दगड उचलला नव्हता.

ह्या प्रकारांवरून शहाणे होऊन २००७ साली एक नवीन खूण काढण्यात आली. तीन पात्यांचा पंखा पाहून अडाण्यास काहीच बोध होत नाही, हे भारतासह ११ देशांत लोकांना विचारून पाहिल्यावर कळले होते. नवी खूण लाल त्रिकोणाची आहे. वर पंखा व त्यातून निघणारे किरण, खाली एका बाजूस मृत्यूची कवटी, दुसऱ्या बाजूस पळणारा माणूस. ती यंत्राच्या आत, प्रत्यक्ष मालाजवळ असते. म्हणजे जो फोडावयास बसला त्याने ती पाहताच हात आवरून पळावे.

परत आल्यावर आम्ही त्या माउलीच्या घरी गेलो. मुलगा घरीच होता, गाडीचे टायर बदलावयास दिले होते. आम्ही त्यास सारे सांगितले. मग त्याच्याच वहीच्या पानावर दोन्ही खुणा काढून दाखविल्या. पिवळ्या-पांढऱ्या चौकोनाच्या खालच्या टोकाशी ७ हा आकडा असतो, तो किरणोत्सारी मालाच्या वर्गाचा आकडा. पेटीवरील लाल रेघा एक, दोन वा तीन असतात, तीन म्हणजे अधिक जपावयाचे. गाडी उलटलेली दिसली तर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस दूर उभे राहावे, लोकांस हटवावे, ११२ वर कळवावे, सांडलेल्यास हात लावू नये, आणि कोणी जखमी असल्यास मात्र त्यास सोडून पळू नये. आपल्या अंगावरील कपडे मागाहून बदलता येतात.

त्याने वही निरखून पाहिली. "फादर, हा लाल त्रिकोण मी पाहिलाय," तो म्हणाला.

"कोठे?"

"महामार्गावरच्या भंगारवाल्याकडे. पत्र्याचा तुकडा आहे, दारालाच ठोकलाय. त्याला वाटलं चोरांना भीती दाखवायला बरा."

पत्रा नुसताच आला होता की कशावरून उचकटला होता, हे त्यास माहीत नव्हते. आम्ही चहा तसाच ठेवला व दोघेही त्याच्या मोटारसायकलवरून निघालो.